पहिली गोधडी: सुरुवात बसकरापासून

शिकायला येणारं प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत विचारतं, "टाका कसा घालायचा?" मी टाका दाखवत नाही. आधी जुनी साडी फरशीवर अंथरायला सांगते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मग डोळे मिटून तळवा फिरवायला लावते. तळव्याखाली कुठे वळकटी लागते, कुठे मधला थर गोळा झालेला असतो. "हे काढा, पुन्हा अंथरा," म्हटलं की चेहरे पडतात. पण गोधडीचा धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका, कुणालाही अर्ध्या तासात येतो. थर सपाट बसवायचे कसे हे कळायला मात्र एक-दोन वस्तू बिघडवाव्या लागतात. त्या छोट्या आणि स्वस्तातल्या असाव्यात, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी शिकले लालबागच्या चाळीत, आत्याकडे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आतोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, ते घरी बसले. नवं कापड घरात येणं बंद झालं आणि आत्याने पेटीतली जुनी लुगडी बाहेर काढली. चार बायका चार कडांना बसायच्या. आम्हा मुलींना खरे टाके घालायला मिळत नसत. आमच्याकडे कच्चे टाके, कारण ते शेवटी काढूनच टाकायचे असत. "कड धर, ओढू नकोस," एवढंच आत्या बोलायची. खूप नंतर लक्षात आलं की सगळं शिक्षण त्या काढून टाकायच्या टाक्यांतच होतं. गोधडी सरळ बसणार की फुगणार हे तिथेच ठरतं.

आता चार बायका चार कडांना मिळत नाहीत. एकटीने, वन बीएचकेच्या हॉलमध्ये, सोफा सरकवून शिकायचं असतं. तसं शिकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक घोळ मिटवू

इंटरनेटवर गोधडी शिकायला गेलात तर बहुतेक व्हिडिओ परदेशी रजईचे निघतात. त्यात वर तुकडे जोडलेलं कापड, मध्ये कापसाचा किंवा पॉलिस्टरचा थर आणि खाली अस्तर असतं. कापायला चाकाची सुरी, शिवायला मशीन. ते शास्त्र वेगळं. आपल्या गोधडीत, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाकळेत, भरण नसतं. कापडावर कापड, बस. बंगालचा कांथा, कच्छ-सिंधची रल्ली, कर्नाटकातली कौदी ही त्याच घराण्यातली भावंडं. मुंबईच्या दमट हवेला ही भरण नसलेली जातच बरी. थर पातळ असले की घाम सुकतो आणि धुतल्यावर गोधडी लवकर वाळते. आपल्याकडच्या थंडीला चार-पाच थर पुष्कळ झाले. देशावरच्या थंडीचे आठ-दहा थर इथे घातलेत तर गोधडी वर्षभर माळ्यावर पडून राहील.

कापड: घरातलंच

बोहारणीला द्यायला काढलेल्या गठ्ठ्यातून सुरुवात करा. सुती साड्या, मऊ झालेल्या चादरी, सुती ओढण्या, धोतर असलं तर सोनंच. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

साडी सुती आहे की नाही हे हाताला नेहमी कळत नाही. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली जाईल अशी राख मागे राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरची साडी गोधडीत घालू नका. ती निसरडी असते, थर एकमेकांवरून घसरतात आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय.

मग साडी खिडकीच्या उजेडाकडे धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. दोन्ही हातांत धरून हलकं ताणा. चर्र आवाज आला तर तेवढा भाग टाका. थोडंसं विरलेलं पण न फाटणारं कापड आतल्या थरात चालतं. वर आणि खाली मात्र धड कापड हवं. साडी बसण्याच्या जागी आणि टाचेशी आधी विरते, पदराकडे आणि खोचायच्या भागात दमदार असते. जुन्या बायका म्हणून तर पदर वरच्या थराला राखून ठेवत.

रंगाचंही बघून घ्या. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. लाल आणि गडद निळी कापडं दगा देतात. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या ऐकीव गोष्टीवर मी एकदा विसंबले आणि एक अख्खं पांढरं दुपटं गुलाबी करून बसले. रंग जाणारं कापड सरळ बाजूला काढा.

खालच्या थराला कापड कमी पडलंच तर मांजरपाट किंवा मलमल घ्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये दोन्ही मिळतात. दादरच्या हिंदमातालाही कापडाची रांगच आहे, फक्त जोराच्या पावसात तिकडे फिरकू नका, पाणी कुठवर असेल सांगता येत नाही. कोरं कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजवा, खळ जाऊ द्या, वाळवा आणि मगच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, बाकीचे जुने थर आटत नाहीत, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

सुई, दोरा आणि बोटाचं टोपण

दाभण घेऊ नका. तो गादी आणि पोत्यासाठी आहे, जुन्या साडीला भोकं पाडतो. दोन इंचांच्या आसपासची, लांबट नेढं असलेली मजबूत सुई घ्या. हाताच्या सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड. मशीनच्या सुईचं उलटं असतं, त्यामुळे दुकानदाराला "हातशिलाईची" असं स्पष्ट सांगा.

दोरा सुती आणि थोडा जाड असावा. चिवट पॉलिस्टरचा दोरा टिकतो म्हणून घ्यावासा वाटतो, पण ओढ बसली की दोरा तुटायच्या ऐवजी जुनं कापड फाटतं. तुटलेला दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो, फाटलेली साडी येत नाही. दोरा एका वेळी हातभरच घ्या. वारंवार ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला की गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतलात तर आणखी सुरळीत चालतो.

अंगुस्तान, म्हणजे बोटाचं टोपण, मधल्या बोटात घाला. पहिल्या दिवशी सगळ्यांना ते अडचणीचं वाटतं, चौथ्या दिवशी सगळे शोधत येतात.

बसकर: पहिली वस्तू

दीड फूट चौरस बसकर करा. पूजेला, भाजी निवडायला, गॅलरीत बसायला, कशालाही उपयोगी पडतं. बिघडलं तर पायपुसणं होतं. हे दोन-तीन संध्याकाळचं काम आहे.

खालच्या थरासाठी 22 इंच चौरस तुकडा, आणि 18 इंच चौरस असे पाच तुकडे. कात्रीने अख्खं कापू नका. कडेला छोटा काप द्या आणि दोन्ही हातांनी फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री तितकी सरळ चालत नाही. फार विरलेलं कापड मात्र कुठेही जातं, तिथे कात्रीच बरी. सगळ्या तुकड्यांना इस्त्री करा. आमच्या चाळीत इस्त्री नव्हती, रात्री कापडं अंथरुणाखाली घालून झोपायचो.

आता मुख्य काम. फरशी पुसून कोरडी करा. 22 इंची तुकडा उलटी बाजू वर ठेवून अंथरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, पाण्याचा तांब्या, डाळीचा डबा, जे असेल ते. त्याच्या मधोमध पहिला 18 इंची तुकडा ठेवा, चारी बाजूंना दोन-दोन इंच मोकळे राहतील. तळवा मधोमध टेकवा आणि बाहेरच्या कडेकडे सरकवा. एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कापड ताणायचं नाही, नुसती हवा आणि सुरकुती बाहेर ढकलायची. मग पुढचा थर, पुन्हा तसंच. ताणलेला थर शिवताना गप्प असतो आणि शिवून झाल्यावर आक्रसतो. नवशिक्यांची बसकरं वाटीसारखी होतात ती यामुळेच. सगळ्यात वर दिसायला चांगला तुकडा, सुलटी बाजू वर.

डोळे मिटा, हात फिरवा. काही लागलं तर वरचे थर उचलून तिथलं नीट करा. इथे घातलेली दहा मिनिटं पुढचे दहा तास वाचवतात.

नंतर कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे काढताना दिसेल. मधोमध सुरू करून वरच्या कडेपर्यंत जा, टाके बोटबोट लांब. पुन्हा मध्यावर येऊन खालच्या कडेपर्यंत. मग डावी, मग उजवी, मग चार कोपरे. सुरुवात दर वेळी मध्यातून. खरी शिलाई पुढे कडेकडून आत जाणार आहे. मधला भाग आधी पकडून ठेवला नाही तर प्रत्येक फेरीबरोबर थोडं थोडं कापड पुढे सरकतं आणि शेवटी सगळं मध्यावर येऊन फुगतं. आत्या त्याला "पोट सुटणं" म्हणायची.

खालच्या कापडाचे मोकळे दोन इंच एक इंचावर दुमडा, मग वर घेऊन वरच्या थरावर बसवा, म्हणजे चिरलेली कड आत जाते. कोपऱ्यावर आधी एक बाजू, मग तिच्यावर दुसरी. फार नेटकं व्हायचा हट्ट नको.

आता टाका

दोऱ्याला गाठ मारा. सुई दुमडलेल्या कडेच्या आतून वर काढा, गाठ आतच राहील. दुमडलेल्या कडेवरून पहिली फेरी. उजवा हात वर, डावा कापडाखाली. सुईचं टोक खाली टेकलं की डाव्या बोटाला कळतं, तिथून ते परत वर लोटायचं. डावं बोट दोन-चार वेळा टोचून घेईल, त्याला इलाज नाही. रक्ताचा थेंब कापडाला लागला तर लगेच गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग पक्का होतो.

सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरा आणि मग दोरा ओढा. आत्याचं माप होतं, टाका तांदळाएवढा, ओळींतलं अंतर बोटभर. तांदूळ कुठला हे मी विचारलं होतं. "रेशनचा," ती म्हणाली. सुरुवातीला टाके पाव इंचाचे पडले तरी चालतील. सारखे पडणं जास्त महत्त्वाचं.

पहिली चौकट पूर्ण झाली की थांबू नका. कोपऱ्यावर आधीच्या ओळीपासून बोटभर आधी वळा आणि आतली चौकट धरा. अशा चौकटीत चौकट. ओळ सरळ ठेवायला खडू नको, आधीच्या ओळीला बोट लावून नखाने रेघ ओढली की पुरे. दोरा संपला तर शेवटचा टाका दोनदा घ्या आणि टोक थरांमध्ये ओढून दिसेनासं करा.

दोन-तीन फेऱ्या झाल्या की पालथं करून बघा. आत्याने कुणाचंही काम सुलट्या बाजूने पाहिलं नाही. "आधी उलटी दाखव." खाली टाके दिसत नसतील तर सुई सगळ्या थरांतून जात नाही. खाली चुण्या असतील तर अंथरताना खालचा थर ढिला राहिला होता.

लोकलच्या डब्यात भाजी निवडता येते म्हणून काही जणी बसकर घेऊन निघतात. करू नका. गाडी ब्रेक मारते, सुई कुणाच्या तरी दंडात.

दुपटं आणि मग मोठी

दुसरी वस्तू बाळाचं दुपटं. साडीच्या लांबीतून तीन-तीन फुटांचे तीन तुकडे फाडले की अर्ध्या साडीत तीन फूट बाय पावणेचार फुटांचं दुपटं होतं. तीनच थर. जरीचा काठ, टिकल्या, गाठी काहीही वर यायला नको. बाळाच्या अंगाखाली घालायला द्या, झोपलेल्या तान्ह्या बाळावर जाड पांघरूण घालायला नको. इथे पहिल्यांदा मोठा पसारा हाताळायला मिळतो. मध्यावर पोचायला वाकावं लागतं, गुडघा कापडावर येतो आणि थर सरकतो. म्हणून अर्धं दुपटं गुंडाळून मांडीवर घ्या आणि कडेने शिवत जा.

दोन दुपटी झाली की मोठी गोधडी धरा. पहिल्या गोधडीला दंड घालायच्या फंदात पडू नका, म्हणजे दोन कापडं जोडून रुंदी वाढवायची नाही. साडीचीच रुंदी ठेवा. अठरा फुटांच्या साडीत सहा-सहा फुटांचे तीन थर निघतात, दुसऱ्या साडीतून आणखी दोन. सहा फूट बाय पावणेचार फूट, एकट्या माणसाला पुरते. लांब बाजूंना साडीचा काठ येतो, तो उसवत नाही, तिथे दुमडायची गरज नाही. आखूड बाजूंना आतले थर एकेक इंच कमी ठेवा, वरच्या-खालच्या थरांच्या कडा आत दुमडा आणि एकमेकींना शिवून टाका.

जागेची काळजी करू नका. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यानपिढ्या गोधड्या शिवल्या गेल्या. गोधडी व्यापते साडेबावीस चौरस फूट, आणि तीही फक्त अंथरताना आणि कच्चे टाके घालताना. या दोन तासांसाठी गच्ची किंवा पाहुणे नसलेली दुपार शोधा. एक माणूस मदतीला घ्या, समोरच्या कडेला बसून सांगितलं तेवढंच करणारा. माझ्याकडे शिकून गेलेल्या दोन पुरुषांपैकी एक जण बायकोला मदत करायला म्हणून आला होता. आता तो शिवतो, ती अंथरते. कच्चे टाके मात्र वीतभर अंतराच्या जाळीत, आणि सुरुवात मध्यातूनच.

दोरा किती लागेल? लांबी-रुंदी इंचात गुणा आणि ओळींतल्या अंतराने भागा. 72 गुणिले 45 म्हणजे 3240. पाऊण इंचाने भागलं की 4320 इंच, साधारण 110 मीटर. वर-खाली जाण्यात आणि टोकांत जातो त्यासाठी पाव भाग वाढवा, 140 मीटर. दुहेरी दोरा घेतलात तर 280. रिळावर मीटर छापलेले असतात. एकाच छटेची रिळं एकदमच घ्या.

मला पहिल्या गोधडीला रोज तासभर बसून महिन्याच्या वर लागला. मधोमध पोचल्यावर एका बिंदूत शेवट होत नाही हेही सांगून ठेवते. सहा फूट आणि पावणेचार फूट यांतला फरक, म्हणजे 27 इंचांची एक आडवी रेघ मध्ये उरते. ती शिवली की संपलं. काही जणी तिथे पोचल्यावर गोंधळून फोन करतात.

रंगीबेरंगी ठिगळांची गोधडी सगळ्यांना पहिल्याच दिवशी हवी असते. मुंबईत सातरस्त्याच्या चौकाला ज्यांचं नाव आहे ते गाडगे महाराज चिंध्यांचाच अंगरखा घालत, लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत, तेव्हा ठिगळाचा मान मोठा आहे. पण ठिगळ म्हणजे चार कडा दुमडायच्या आणि चार कोपरे सांभाळायचे. तिसऱ्या-चौथ्या गोधडीला करा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी ठिगळांची "फुला" लावतात. पहिल्या गोधडीत हौस म्हणून तेवढी चार फुलं चालतील.

बिघडलं तर

फुगा आलाच तर शेवटच्या तीन-चार फेऱ्या उसवा. कापड पुन्हा बाहेरच्या बाजूला ढकला, कच्चे टाके दाट घाला, मग पुढे चला. तरीही उरला तर फुग्याला एक चुणी घालून वर ठिगळ लावा. नक्षी समजतील लोक. ओळ वाकडी गेली तर उसवू नका. पांघरल्यावर वाकडी ओळ कुणाला दिसत नाही, फुगा मात्र पाठीला टोचतो.

धुणं आणि नवा थर

पावसाळ्यात गोधडी धुवू नका. जून ते सप्टेंबर ती वाळत नाही आणि कुबट वास धरते. बाकी दिवसांत बादलीत किंवा टबात भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी फार जड होते, एका दोरीवर टाकली तर मधोमध ओढ बसून टाके तुटतात. शेजारशेजारच्या दोन दोऱ्यांवर पसरा. ठेवताना घडीची जागा दर वेळी बदला, नाहीतर घडीवरच आधी विरते.

वरचं कापड विरलं तर गोधडी टाकायची नसते. तिच्यावरच नवी साडी अंथरायची, हात फिरवायचा, मध्यातून कच्चे टाके, कडेकडून धावदोरा. मागच्या दिवाळीत आत्याच्या एका गोधडीला असाच नवा थर चढवायला घेतला. कड उसवली तेव्हा आत नऊ थर निघाले. एक कोपरा उचलून थर मोजताना पाचव्या साडीवर हिरव्या दोऱ्याचे बोटबोट लांब, वाकडे टाके दिसले. माझे. आत्या ते काढायला विसरली होती.